शिकाऊ उमेदवारी: कराराच्या पहिल्या पानापासून प्रमाणपत्रापर्यंत

आयटीआयचा निकाल लागला की आमच्या वर्कशॉपच्या दारात पालक यायला लागतात. बहुतेकांचा प्रश्न ठरलेला असतो, "सर, पोराला एखाद्या कंपनीत चिकटवा ना." मी त्यांना स्टुलावर बसवतो आणि उलट विचारतो, "पोराचं आधार कुठल्या बँकखात्याला जोडलंय?" आई मुलाकडे बघते, मुलगा मोबाइलकडे. नोकरीचं विचारायला आलो आणि हे खात्याचं काय काढून बसले, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं.

फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक म्हणून बरीच वर्षं काढली. त्यात एक गोष्ट वारंवार पाहिली. मुलगा हुशार असतो, हात चांगला असतो, कंपनीही मिळते. तरी वर्ष संपल्यावर त्याच्याकडे दाखवायला काही नसतं. कारण तो कागदावर शिकाऊ उमेदवार, म्हणजे अप्रेंटिस, नव्हताच. कुणीतरी त्याला 'ट्रेनी' म्हणालं, गळ्यात ओळखपत्र अडकवलं आणि बारा महिने काम करून घेतलं.

पूर्वी शिकाऊ उमेदवारीचे कागद कंपनी, आयटीआय आणि सल्लागार कार्यालय (शिकाऊ उमेदवारीवर देखरेख ठेवणारं सरकारी कार्यालय) यांच्यातच फिरायचे. उमेदवार सांगतील तिथे सही करायचा. आता नोंदणी, अर्ज, करार, सरकारी वाट्याचं विद्यावेतन, परीक्षेचं हॉलतिकीट हे सगळं उमेदवाराच्या स्वतःच्या लॉगिनवर येतं. ही सोय मोठी आहे, पण लक्षही आता उमेदवारालाच ठेवावं लागतं. ते कुठे आणि कसं ठेवायचं, ते क्रमाने सांगतो.

कायदा काय सांगतो, तेवढं आधी

शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. त्यात सगळ्यात मोठी दुरुस्ती २०१४ च्या डिसेंबरमध्ये लागू झाली. तोपर्यंत कायदा मोडणाऱ्या मालकाला तुरुंगवासाची तरतूद होती. त्या धास्तीने कित्येक कारखानदार उमेदवार घ्यायलाच तयार नसत. दुरुस्तीने तुरुंगवास काढला आणि त्याजागी दंड आणला. ठरलेल्या जागा भरल्या नाहीत तर पहिले तीन महिने दर रिकाम्या जागेमागे महिन्याला ५०० रुपये, आणि त्यानंतर जागा भरेपर्यंत महिन्याला १,००० रुपये. सरकारने ठरवलेल्या ट्रेडशिवाय कंपनीला स्वतःच्या गरजेचे ट्रेड आखायची मुभाही तेव्हाच मिळाली.

२०१९ च्या नियमांनी जागांचं गणित सोपं केलं. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक. संख्या एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के ठेवायची, आणि या मनुष्यबळात कंत्राटी कामगारही मोजायचे. म्हणजे चाकणला किंवा सातपूरला २०० माणसांचा कारखाना असेल, तर त्याला किमान ५ उमेदवार घ्यावेच लागतात आणि ३० पर्यंत घेता येतात. हा हिशेब मी मुलांना फळ्यावर करून दाखवतो. गेटवर बायोडाटा घेऊन उभं राहताना त्यांना आपण उपकार मागायला आलोय असं वाटू नये, एवढाच त्यामागचा हेतू. त्या ५ जागा भरणं हे कंपनीचं कायद्याने आलेलं काम आहे.

पैशाच्या बाजूने, २०१६ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना आली. लोक तिला 'नॅप्स' म्हणतात. या योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, पण महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार देतं. आधी हे पैसे कंपनीने भरायचे आणि सरकारकडून परत मागायचे. २०२३ पासून ते थेट उमेदवाराच्या खात्यात जमा होऊ लागले. आधारचा प्रश्न मी आधी का विचारतो, ते यात आहे.

आयटीआयच्या बाजूनेही बदल चालू आहेत. मे २०२५ मध्ये केंद्राने १,००० सरकारी आयटीआयच्या सुधारणेसाठी ६०,००० कोटींची योजना मंजूर केली. त्यातले ३०,००० कोटी केंद्राचे, २०,००० कोटी राज्यांचे आणि १०,००० कोटी उद्योगांचे. मशीन नवी येतील, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण यंदा पास झालेल्या मुलाने त्याची वाट बघत बसू नये.

कुठल्या योजनेत जायचं

इथे फार गोंधळ होतो. नावं सारखी वाटतात, पण आतला माल वेगळा असतो.

दहावी, बारावी किंवा आयटीआय झालेल्यांसाठी मुख्य रस्ता नॅप्सचा, म्हणजे 'अप्रेंटिसशिप इंडिया' पोर्टलचा. डिप्लोमा आणि पदवीधरांसाठी शिक्षण मंत्रालयाची 'नॅट्स' योजना आहे. तिचं पोर्टल वेगळं आहे आणि पश्चिम विभागाचं कार्यालय मुंबईत सायनला आहे. नॅट्समध्ये किमान विद्यावेतनाचा निम्मा वाटा सरकार देतं. दोन्ही रस्ते शिकाऊ उमेदवार कायद्याखालीच येतात.

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जुलै २०२४ मध्ये सुरू झाली. वय १८ ते ३५. बारावीला महिना ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये. आधी मुदत सहा महिन्यांची होती, नंतर ती अकरा महिन्यांपर्यंत वाढवली. आमच्या तालुक्यातली कितीतरी मुलं त्यातून ग्रामपंचायतीत आणि तहसील कार्यालयात बसली. पैसे वरच्या दोन्हींपेक्षा जास्त दिसतात, म्हणून आयटीआयची मुलं तिकडे वळतात. माझं मत स्पष्ट आहे: फिटर, टर्नर, वायरमन, इलेक्ट्रिशियन अशा ट्रेडच्या मुलाने आधी कायद्याखालची शिकाऊ उमेदवारी करावी. महिन्याचे हजार रुपये कमी मिळतील, पण शेवटी हातात ट्रेडचं राष्ट्रीय प्रमाणपत्र येईल. कार्य प्रशिक्षणात ते मिळत नाही. कॉमर्स किंवा आर्ट्सच्या पदवीधराला कार्यालयीन कामाचा अनुभव हवा असेल, तर त्याच्यासाठी मात्र ती योजना उपयोगाची आहे.

चौथी पंतप्रधान इंटर्नशिप योजना. ती ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आली. देशातल्या आघाडीच्या ५०० कंपन्यांत बारा महिने, महिना ५,००० रुपये आणि सुरुवातीला एकदाच ६,००० रुपये. सुरुवातीच्या निकषांत वय २१ ते २४ होतं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत. त्यात एक अट अशी आहे की नॅप्स किंवा नॅट्सखाली शिकाऊ उमेदवारी केलेल्याला ही इंटर्नशिप मिळत नाही. त्यामुळे 'आधी हे करू, मग तेही करू' असा विचार असेल तर क्रम नीट तपासा. ट्रेडवाल्याला माझा सल्ला वर दिलाच आहे, तो इथेही बदलत नाही.

अर्जाआधी चार कामं

पहिलं, नाव. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकांचं नाव आधी आणि आडनाव शेवटी असतं. क्रम उलटा असला तरी स्पेलिंग एकच असेल तर निभावतं. पण मार्कशीटवर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरं असेल, तर आधीच दुरुस्त करून घ्या. मार्कशीटला प्रमाण मानून आधार बदला. आधारवरची दुरुस्ती काही दिवसांत होते, बोर्डाच्या कागदावरची दुरुस्ती जीव काढते.

दुसरं, मोबाइल. आधारला जोडलेला नंबर चालू आणि स्वतःच्या हातातला हवा. पोर्टलची नोंदणी आधारच्या ओटीपीवर होते. नंबर बंद पडलेला असेल तर आधार केंद्रात जाऊन नवा जोडा. ई-मेलही स्वतःचाच काढा. नेट कॅफेवाल्याच्या ई-मेलवर केलेली नोंदणी पुढे दर महिन्याला त्रास देते. पासवर्ड वहीत लिहून ठेवा आणि एजंटला देऊ नका.

तिसरं, बँकखातं. एका माणसाची चार खाती असू शकतात, पण सरकारी पैसा येतो तो आधारला शेवटी जोडलेल्या एकाच खात्यात. 'माय आधार' संकेतस्थळावर लॉगिन केलं की बँक सीडिंगची स्थिती दिसते. बँकेचं नाव आणि ते चालू आहे का, एवढं बघा. खातं जुनं, बंद किंवा व्यवहाराविना गोठलेलं असेल तर चालू खात्याच्या शाखेत जाऊन आधार जोडणीचा फॉर्म भरा. केवायसी वेगळी आणि ही जोडणी वेगळी. काउंटरवर "आधार दिलंय की" असं ऐकून परत येऊ नका.

चौथं, शारीरिक पात्रतेचा दाखला. तो सरकारी दवाखान्यातून घेऊन ठेवा. वयाची अट कायद्यात किमान १४ आणि धोकादायक उद्योगांत १८ आहे, पण प्रत्यक्षात कारखाने १८ पूर्ण झालेल्यालाच घेणं पसंत करतात.

कंपनी निवडताना

पोर्टलवर नोंदणी झाली की संधींची यादी दिसते. जिल्हा, ट्रेड आणि शिक्षण टाकून गाळा. अर्ज करण्याआधी ट्रेड कुठल्या प्रकारचा आहे ते बघा. 'डेझिग्नेटेड' म्हणजे सरकारने ठरवलेला ट्रेड: फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रिशियन वगैरे. 'ऑप्शनल' म्हणजे उद्योगाने आखलेला. दुसरा वाईट नाही. हॉटेल, रिटेल, लॉजिस्टिक्स या क्षेत्रांत तोच चालतो. पण पुढे रेल्वे किंवा सरकारी उपक्रमात तांत्रिक जागेवर जायचं असेल, तर जाहिरातीत डेझिग्नेटेड ट्रेडचं प्रमाणपत्र मागितलेलं असतं. फिटर होऊन ऑप्शनल ट्रेडमध्ये असेंब्ली ऑपरेटर म्हणून गेलात, तर त्या रांगेत तुमचा कागद चालेल का, हे आधी विचारून घ्या.

मोठ्या संस्थांच्या जाहिराती वेगळ्या येतात. मध्य आणि पश्चिम रेल्वेची निवड परीक्षेविना होते, दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. वय १५ ते २४, राखीव गटांना सवलत. माझगाव डॉक आणि मुंबईची नौदल गोदी परीक्षा घेतात. ओझरचा 'हाल' म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना, महावितरण, एसटी महामंडळ हेही उमेदवार घेतात. या जाहिराती त्यांच्या संकेतस्थळावर आणि आयटीआयच्या नोटीस बोर्डावर लागतात. आयटीआयत भरणाऱ्या शिकाऊ उमेदवारी मेळाव्यालाही जा. तिथे कंपनीचा माणूस समोर बसलेला असतो आणि त्याला तोंडावर प्रश्न विचारता येतात.

मोठं नाव बघूनच धावू नका, हे मी अनुभवाने सांगतो. बड्या कारखान्यात मुलगा वर्षभर एकाच लाइनवर एकच बोल्ट कसतो, असंही होतं. चाळीस माणसांच्या टूलरूममध्ये मात्र त्याच्या हाती सरफेस ग्राइंडर येतो, ड्रॉइंग वाचायला मिळतं, आणि जॉब बिघडला तर शेजारचा मिस्त्री कान धरून का बिघडला ते दाखवतो. शक्य असेल तर तिथे आधी शिकून गेलेल्या मुलाला फोन करा.

विद्यावेतनाचे आकडे किमान असतात, कमाल नव्हेत. स्टेट बँकेने पदवीधर शिकाऊ उमेदवारांना महिना १५,००० रुपये दिले आहेत. खोलीभाडं आणि मेसचा हिशेब घालूनच गाव सोडायचं ठरवा. रांजणगावात खोली घेऊन ७,००० त राहण्यापेक्षा घरून एसटीने जाता येईल अशी कंपनी पहिल्या वर्षाला कितीतरी बरी.

करार वाचणं

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. तुमची निवड झाली की कंपनी पोर्टलवर करार तयार करते आणि तो तुमच्या लॉगिनला येतो. तुम्ही १८ च्या आत असाल तर पालकाची सही लागते. करार मान्य करण्याआधी घरी, शांतपणे, मोठ्या पडद्यावर वाचा. इंग्रजी अडलं तर निदेशकाकडे घेऊन या. मी तरी आजवर कुणाला परत पाठवलेलं नाही.

वाचताना आधी बघा, करार कुणाशी आहे. ज्या कंपनीच्या गेटमधून तुम्ही रोज आत जाणार, तिचंच नाव हवं. मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराचं नाव असेल, तर हे कसं काय, ते कंपनीला विचारा. मग ट्रेडचं नाव, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, कामाचं ठिकाण आणि विद्यावेतनाचा आकडा. दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड केलेल्याला साधारण एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी असते. थेट दहावीवरून फ्रेशर म्हणून गेलेल्याला जास्त काळ लागतो, कारण त्याचं मूलभूत प्रशिक्षण आधी होतं.

२०१९ च्या नियमांतले किमान आकडे असे: पाचवी ते नववीला ५,०००, दहावीला ६,०००, बारावी आणि आयटीआयला ७,०००, डिप्लोमाला ८,०००, पदवीला ९,००० रुपये महिना. दुसऱ्या वर्षी त्यावर १० टक्के वाढ. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने हे ५,००० ते ९,००० चे दर ६,८०० ते १२,३०० करण्याची शिफारस केली आहे. तुमचा करार होईल त्या दिवशी पोर्टलवर जो किमान दर असेल, त्याच्याशी करारातला आकडा ताडून बघा.

करार मोडण्याचं कलमही वाचा. मुदतीआधी करार संपवायचा असेल तर कंपनी किंवा उमेदवार, दोघांनाही शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे अर्ज करावा लागतो. कंपनीच्या चुकीने करार मोडला तर ती तुम्हाला भरपाई देते. तुमच्या चुकीने मोडला तर प्रशिक्षणाचा खर्च तुमच्याकडून मागता येतो. म्हणून कंटाळा आला म्हणून एके दिवशी जायचं बंद करू नका. जायचंच असेल तर लेखी अर्ज द्या.

मूळ प्रमाणपत्रं कुणी जमा करून घेत असेल तर देऊ नका. पडताळणीसाठी दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ परत घ्या. माझ्या एका विद्यार्थ्याची मूळ मार्कशीट अशीच एका ठेकेदाराकडे अडकली आणि पुढच्या भरतीची कागद तपासणी त्याला चुकली. दोन वर्षं तयारी केलेला मुलगा, कागद हातात नाही म्हणून बाहेर बसला.

करार दोन्ही बाजूंनी मान्य झाला की त्याला क्रमांक मिळतो. पीडीएफ उतरवून घ्या, छापा, आईकडे एक प्रत द्या. कामावर रुजू व्हा ते यानंतर. "तू ये रे, करार होईल मागाहून" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे सांगा, "साहेब, करार झाला की दुसऱ्या दिवशी हजर होतो." कराराआधीचे दिवस तुमच्या कालावधीत धरले जात नाहीत, आणि त्या दिवसांत हात मशीनमध्ये गेला तर तुम्ही तिथे कोण होतात हे सिद्ध करणं अवघड जातं.

पहिल्या महिन्याचे पैसे

एका संध्याकाळी मला फोन आला. मुलगा चिडलेला. "सर, कंपनीने फसवलं. करारात सात हजार, खात्यात साडेपाच." त्याला म्हटलं, उद्या पासबुक घेऊन ये. हिशेब असा होता: ७,००० चे २५ टक्के १,७५० होतात, पण सरकारी वाट्याला १,५०० ची मर्यादा आहे. म्हणून सरकार १,५०० देणार आणि कंपनी ५,५००. कंपनीने तिचा वाटा वेळेवर दिला होता. सरकारचे १,५०० कुठे गेले? शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी आईने त्याचं एक खातं काढलं होतं. आधार अजून तिथेच जोडलेलं होतं आणि ते खातं कधीचं गोठलं होतं. बँकेच्या दोन चकरा आणि एक फॉर्म, पुढच्या महिन्यापासून पैसे यायला लागले.

म्हणून खात्यात दोन वेगळ्या रकमा, वेगवेगळ्या तारखांना येतील, हे धरून चला. कंपनीने विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत द्यायचं असतं. सरकारी वाटा कंपनीने पोर्टलवर महिन्याची माहिती भरल्यानंतर पुढे सरकतो. त्याला उशीर झाला तर आधी स्वतःचं खातं तपासा आणि मग कंपनीच्या एचआरला "माझी माहिती भरली का" एवढंच विचारा. किरकोळ आणि आजारपणाच्या मंजूर रजेचे पैसे कापता येत नाहीत. पीएफ आणि ईएसआय शिकाऊ उमेदवाराला लागू नाही, त्यामुळे विद्यावेतनातून त्या नावाने कपात दिसली तर विचारणा करा.

काम शिकवतायत का?

पहिल्या दिवशी दोनशे पानी वही घ्या. रोज झोपण्याआधी चार ओळी लिहा: तारीख, कुठलं मशीन, काय जॉब, कुणी शिकवलं. प्रगतीची नोंद ठेवणं ही कंपनीचीही कायदेशीर जबाबदारी आहे, पण तुमची वही तुमच्याजवळ असू द्या. परीक्षेच्या तोंडी प्रश्नांना तीच उपयोगी पडते आणि वाद झाला तर पुरावाही तीच असते.

मशिनिस्ट ट्रेडच्या एका मुलीची वही मी पाहिली आहे. पहिले अकरा दिवस मिलिंग मशीन, व्हर्नियर, मायक्रोमीटर. बाराव्या दिवसापासून प्रत्येक पानावर एकच शब्द: पॅकिंग. सलग दोन महिने पॅकिंग. तिने ती वही आधी सुपरवायझरला, मग एचआरला दाखवली. काही हललं नाही, तेव्हा आम्ही मिळून लेखी अर्ज लिहिला आणि जिल्ह्याच्या बीटीआरआयमध्ये, म्हणजे मूलभूत प्रशिक्षण तथा आनुषंगिक सूचना केंद्रात, सहायक शिकाऊ उमेदवारी सल्लागारांकडे दिला. त्यांचा एक फोन गेला. पुढच्या सोमवारी ती परत मिलिंगवर होती. त्या रात्री तिने वहीत काय लिहिलं होतं, तेही तिने मला दाखवलं: "आज स्लॉट काढला. ०.०२ मध्ये बसला."

कायदा तुमच्या बाजूने काय म्हणतो ते पाठ करा. प्रशिक्षणाशी संबंध नसलेलं काम शिकाऊ उमेदवाराकडून करून घेणं, सल्लागाराच्या परवानगीविना ओव्हरटाइम करायला लावणं, नगावर पैसे देणं, उत्पादन बोनसच्या योजनेत ओढणं, या सगळ्याला मनाई आहे. मालकाने ही मनाई मोडली, तर कायद्यात दंडाची तरतूद आहे. वाद सल्लागाराकडे जातो आणि त्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत शिकाऊ उमेदवारी परिषदेकडे दाद मागता येते. बहुतेक खाजगी कारखान्यांसाठी राज्याचं व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय बघतं, रेल्वे आणि केंद्रीय उपक्रमांसाठी केंद्राचं कार्यालय.

तक्रार लिहिताना राग बाजूला ठेवा. करार क्रमांक, तारखा, काय काम दिलं, कुणाला सांगितलं, एवढं एका पानात लिहा आणि पोच घ्या.

अपघाताचं बोलायलाच हवं. कारखान्यातले सुरक्षेचे नियम तुम्हालाही लागू आहेत आणि कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची आहे. सुरक्षा बूट, चष्मा, हातमोजे मागून घ्या. फिरत्या मशीनवर मात्र हातमोजे नकोत, हे वर्कशॉपमध्ये शंभरदा सांगितलंय, इथेही सांगतो. काहीही लागलं, अगदी बोट कापलं तरी, त्याच दिवशी प्रथमोपचाराच्या रजिस्टरमध्ये नोंद करायला लावा.

तुमच्याही चार जबाबदाऱ्या आहेत. मन लावून ट्रेड शिकायचा, प्रात्यक्षिक आणि वर्ग चुकवायचे नाहीत, कायदेशीर आदेश पाळायचे आणि करार पाळायचा. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसणं अडतं. गणपतीला गावी जायचं असेल तर अर्ज देऊन जा.

परीक्षा आणि पुढे

डेझिग्नेटेड ट्रेडच्या उमेदवाराला मुदत संपल्यावर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा द्यावी लागते. ती पास झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. ऑप्शनल ट्रेडचं मूल्यमापन त्या क्षेत्राच्या कौशल्य परिषदेकडून होतं. मुदत संपली म्हणून सामान बांधून गावी गेलेली आणि परीक्षाच न दिलेली मुलं मी दर वर्षी बघतो. बारा महिने मशीनवर उभं राहून शेवटचा दिवस सोडायचा, हे बघून फार वाईट वाटतं. शेवटच्या दोन महिन्यांत दर आठवड्याला पोर्टल उघडा, परीक्षेचा अर्ज कंपनीने भरला का ते एचआरला विचारा आणि थिअरीची पुस्तकं परत काढा.

कंपनीने कायम करावं असं बंधन कायद्यात नाही. शिकाऊ उमेदवारांच्या भरतीबद्दल कंपनीने स्वतःचं धोरण ठरवायचं असतं. ते काय आहे, हे मुदत संपायच्या आधीच लेखी विचारा. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सांगितलं होतं की बाकी सगळं समान असेल तर थेट आलेल्या उमेदवारापेक्षा तिथे शिकाऊ उमेदवारी केलेल्याला प्राधान्य द्यावं. रेल्वेत तर लेव्हल एकच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या वेतनस्तराच्या, थेट भरतीत २० टक्के जागा रेल्वेच्याच आस्थापनांत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी राखीव असतात. रेल्वेची शिकाऊ उमेदवारी मिळत असेल तर थोड्या जास्त विद्यावेतनासाठी ती सोडू नका, असं मी म्हणतो ते या २० टक्क्यांमुळे.

प्रमाणपत्र आलं की लगेच उघडून बघा. नाव, ट्रेड, कालावधी हे तिन्ही दहावीच्या मार्कशीट आणि करार शेजारी ठेवून, बोट ठेवून जुळवा. शक्य असेल तर कंपनीकडून कामाच्या अनुभवाचं पत्रही त्याच दिवशी मागा. एखादं अक्षर चुकलं असेल, तर तुमचा करार करणारा एचआरचा माणूस अजून त्याच टेबलावर आहे तोवर दुरुस्तीचा अर्ज देऊन टाका आणि त्याची पोच करारासोबत त्याच फाइलमध्ये लावा.